रोबोटने ऑपरेशन करूया म्हणाले तर आधी काय काय विचारायचं

आमच्या आईचा उजवा गुडघा पार गेलेला. नेरूळला सिडकोची जुनी बिल्डिंग, तिसरा मजला, लिफ्ट नाही, भाजी आणायला खाली उतरली की परत वर येताना प्रत्येक मजल्यावर टेकायची. मागच्या वर्षी गुडघा बदलायचं ऑपरेशन ठरलं आणि डॉक्टर म्हणाले रोबोटिक करूया. झालं, घरात दोन पार्ट्या. भाऊ म्हणे मशीनच्या हातात आईला कसं सोपवायचं, मावशी म्हणे अरे मशीन आहे म्हणजे चूक होणारच नाही. नंतर सगळं नीट समजून घेतल्यावर कळलं की दोघांचंही चुकत होतं. तुमच्या घरी हा विषय निघाला तर आमच्यासारखी धावपळ होऊ नये म्हणून सविस्तर लिहितेय.

आधी हे डोक्यात पक्कं करा की रोबोट स्वतःहून काही ठरवत नाही. पोटाच्या, प्रोस्टेटच्या ऑपरेशनला जो दा विंची नावाचा रोबोट वापरतात (अमेरिकेत त्याला 2000 साली परवानगी मिळाली, म्हणजे अगदी कालची गोष्ट नाही) त्यात सर्जन त्याच खोलीत थोडं बाजूला कन्सोलवर (रोबोट चालवायच्या टेबलावर) बसतो, आत कॅमेऱ्यातून मोठं करून बघतो आणि त्याचे हात हलतील तशी आतली बारीक अवजारं हलतात. त्याने हात थांबवला की रोबोट थांबला. 2001 मध्ये तर न्यूयॉर्कमध्ये बसलेल्या सर्जनने फ्रान्समधल्या पेशंटचं पित्ताशय असंच काढलं होतं, पण तिथेही हात माणसाचेच.

गुडघ्याचं थोडं वेगळं असतं. आईच्या वेळी आधी सीटी स्कॅन काढला (सगळ्या मशीनना तो लागत नाही, त्यामुळे विचारून घ्या), त्यावरून कॉम्प्युटरवर तिच्या हाडाचं थ्रीडी चित्र बनवून किती कापायचं, इम्प्लांट (बसवायचा कृत्रिम सांधा) कुठल्या साइझचं, कुठल्या कोनात, हे सगळं आधीच ठरवलं. ऑपरेशनच्या वेळी मांडीच्या आणि नडगीच्या हाडात पिना बसवून त्यावर ट्रॅकर लावतात, म्हणजे पाय हलला तरी मशीनला कळतं. करवत सर्जनच्याच हातात असते, फक्त ठरवलेल्या हद्दीबाहेर गेली तर मशीन तिला अडवतं. काही मशीन कापायचं कामही स्वतः करतात, सर्जन समोर उभा राहून लक्ष ठेवतो. म्हणून तुमच्याकडे कुठलं मशीन आहे आणि करवत कोणाच्या हातात असणार, हे सरळ विचारा. त्यात लाज कसली.

फायद्याचं म्हणाल तर इम्प्लांट ठरवलेल्या कोनात जास्त अचूक बसतं, हे खरं आहे. पण आठ-दहा वर्षांनी रोबोटवाला पेशंट साध्या ऑपरेशनवाल्यापेक्षा जास्त चांगला चालतोच असं अजून पक्कं सिद्ध झालेलं नाही. वेळ थोडा जास्त लागू शकतो, पिनांची छोटी भोकं पडतात ती वेगळीच. माझं मत विचाराल तर ज्या सर्जनने साधी गुडघ्याची ऑपरेशनं भरपूर केलीत त्याच्याकडेच जा, रोबोट असो वा नसो. आणि त्याला तीन गोष्टी विचारा: तुम्ही स्वतः या मशीनवर किती केली, मधेच मशीन बंद पडलं तर काय करणार, आणि माझ्या आईच्या केसमध्ये रोबोटच का. तिसऱ्याचं उत्तर "लेटेस्ट आहे" एवढंच आलं तर दुसरीकडे सेकंड ओपिनियन घ्या.

आता पैसे, इथे आम्ही जाम फसलो. 2019 मध्ये इरडाने (विमा कंपन्यांवर लक्ष ठेवणाऱ्या सरकारी संस्थेने) नियम केला की रोबोटिक सर्जरीसारखे आधुनिक उपचार विमा कंपन्यांना पॉलिसीतून वगळता येणार नाहीत. हे वाचून आम्ही निर्धास्त. पण कंपनी त्यावर सब-लिमिट, म्हणजे त्या उपचाराला जास्तीत जास्त किती पैसे देणार याची हद्द, ठेवू शकते, आणि आमच्या पॉलिसीत ती होती, पण आम्हाला कळलं डिस्चार्जच्या दिवशी, भाऊ बिलिंग काउंटरवर उभा असताना. पॅकेज सांगणाऱ्या बाईंनी त्याबद्दल एक शब्द काढला नव्हता. म्हणून पॉलिसीच्या पीडीएफमध्ये "रोबोटिक" शब्द शोधा, टीपीएकडून (विमा कंपनीसाठी क्लेम बघणारी एजन्सी) प्री-ऑथचा, म्हणजे ऑपरेशनआधी मंजूर केलेल्या रकमेचा, आकडा लेखी घ्या, आणि हॉस्पिटलकडून रोबोटचा चार्ज वेगळा लिहून मागा. गुडघ्याच्या इम्प्लांटच्या किमतीवर 2017 पासून सरकारची कमाल मर्यादा आहे, त्यामुळे इम्प्लांट आणि रोबोट एकाच रकमेत घातले असतील तर फोड करून मागायची. इम्प्लांटचे स्टिकर फाइलमध्ये लावतात, त्याचे फोटो काढून ठेवा, पुढे कधीही लागतात.

एआयचं पण सांगते कारण रिपोर्ट हातात आला की आपण सगळे तेच करतो, फोटो काढून चॅटबॉटला विचारतो. मी पण केलं. रिपोर्टमधले अवघड शब्द समजून घ्यायला आणि डॉक्टरांना विचारायच्या प्रश्नांची यादी करायला उपयोग झाला, खोटं कशाला बोलू. पण नाव, फोन, हॉस्पिटलचा नंबर झाकून टाका. आणि औषध कमी-जास्त करायचं त्याला अजिबात विचारू नका. आपल्याकडे 2020 च्या टेलिमेडिसिनच्या नियमांतच लिहिलंय की एआय पेशंटला सल्ला किंवा औषध देऊ शकत नाही, ते काम रजिस्टर्ड डॉक्टरचंच. ऑपरेशननंतर रक्ताची गुठळी होऊ नये म्हणून गोळ्या किंवा इंजेक्शन देतात, ते कोणाच्याही सांगण्यावरून मनाने बंद करू नका. पोटरी सुजून दुखायला लागली तर लगेच हॉस्पिटलला फोन करायचा, आणि दम लागला किंवा छातीत दुखलं तर थेट 108.

एक्स-रेचंही तसंच. छातीचा एक्स-रे बघून टीबीची शंका सांगणारं सॉफ्टवेअर आता चांगलं काम करतं, जागतिक आरोग्य संघटनेने 2021 मध्ये 15 वर्षं आणि त्यावरच्यांच्या तपासणीसाठी त्याला मान्यता दिलीये. पण कॅम्पमध्ये मशीनने शंका सांगितली म्हणजे टीबी झालाच असं नाही, बेडक्याची तपासणी करावीच लागते. आणि मशीनने काही दाखवलं नाही पण खोकला दोन आठवड्यांवर गेलाय, तरीही डॉक्टरांना दाखवायचंच.

शेवटचं, घरी सोडायच्या आधी फिजिओकडून जिना चढायला शिकून घ्या, वॉर्डातल्या सपाट फरशीवर चालून दाखवलं म्हणजे झालं नाही. चढताना चांगला पाय आधी, उतरताना ऑपरेशनचा पाय आधी, एक हात कठड्याला. आईला हे तिथल्याच जिन्यावर दोनदा करून घेतलं, तेव्हा कुठे मी गाडी बोलावली.