फायबरग्लासवरचं इपॉक्सी चिकटच राहिलं तर काय करावं?

इपॉक्सी लावल्यावर दुसऱ्या दिवशी थरावर बोट ठेवलं आणि ते चिकटलं, की हात आधी हार्डनरच्या (रेझिनला कडक करणाऱ्या दुसऱ्या भागाच्या) बाटलीकडे जातो. ती बाटली लांब ठेवा. कॅटॅलिस्ट (सेट होण्याला चालना देणारं रसायन) थोडं वाढवून काम लवकर उरकायचं ही सवय पॉलिएस्टर रेझिनची. इपॉक्सीत हार्डनर स्वतःच रेझिनशी जोडला जातो. जास्तीचा हार्डनर जोडीदाराविना उरतो आणि थर मऊच राहतो.

आधी कप बघा. काल ज्या कपात मिश्रण केलं, तो फेकला नसेल तर निम्मं उत्तर तिथेच आहे. कपातला गोळा दगडासारखा आणि कामावरचा थर मात्र मऊ, तर बहुधा गारठ्याचा परिणाम. गोळ्याला स्वतःची ऊब मिळते, पातळ थराला नाही. कपातलंही च्युइंगगमसारखं असेल तर प्रमाण चुकलंय. मध्ये कडक आणि कडेला ओलं, तर ढवळण्यात आळस झालाय. अशा वेळी कामावरही जागोजाग चिकट ठिपके दिसतात.

गारठा असेल तर ऊब द्या. तापमान १० अंशांनी उतरलं की सेट व्हायला ढोबळमानाने दुप्पट वेळ लागतो. खोली २५ ते ३० अंशांवर एक-दोन दिवस ठेवा आणि रोज नख दाबून पाहा. काल रुतणारं नख आज नुसता वळ उठवत असेल, तर थांबण्यात शहाणपण आहे.

थर कडक, पण वर मेणचट बुळबुळीतपणा? दमट हवेत असं होतं, घाबरू नका. साधं कोमट पाणी आणि घासणी पुरते. हा बुळबुळीत थर पाण्यात विरघळतो, म्हणून ॲसिटोन वाया घालवू नका.

प्रमाण किंवा ढवळणं चुकलं असेल तर काढण्याला पर्याय नाही. वरून नवा थर मारला तर खालचा कच्चाच राहतो. नायट्राइलचे हातमोजे आणि रसायनांच्या वाफेचा मास्क घाला. पुट्टीच्या पत्र्याने खरवडा, फायबरग्लासचं कापड कच्चं असेल तर सोलून काढा. उरलेला चिकटा ॲसिटोनने पुसा, दर वेळी फडक्याची स्वच्छ बाजू घेऊन. नाहीतर तोच चिकटा सगळीकडे पसरतो. मग ८० नंबरच्या पॉलिश पेपरने घासा. हात मात्र ॲसिटोनने धुऊ नका, साबण वापरा.

पुन्हा मिसळताना डब्यावरचं प्रमाण वजनाचं की आकारमानाचं, ते वाचा. मी एकदा आकारमानाचं २:१ वजनकाट्यावर मोजलं होतं. हार्डनर रेझिनपेक्षा हलका, त्यामुळे तो जास्त पडला आणि अख्खा पॅनेल सोलावा लागला. तीन मिनिटं ढवळा, कडा आणि तळ खरवडा, मग सगळं दुसऱ्या स्वच्छ कपात ओतून पुन्हा ढवळा. पहिल्या कपाच्या कडेचं निथळवून कामावर घेऊ नका. ठिपके तिथूनच येतात.