डायनॅमिक झोनची फाइल थेट उघडू नका

बाइंड या डीएनएस सर्व्हरमध्ये (नावावरून आयपी पत्ता सांगणारा सर्व्हर) झोन, म्हणजे एका डोमेनच्या नोंदींचा संच, डायनॅमिक केला, म्हणजे नेटवर्कवरून अपडेट पाठवून बदलता येईल असा केला, की येणारे बदल आधी जर्नल फाइलमध्ये जातात. मूळ झोन फाइलमध्ये ते साधारण 15 मिनिटांपर्यंत उशिरा उतरतात. मधल्या वेळात तुम्ही ती फाइल हाताने बदलली, तर जर्नल आणि फाइल यांचा मेळ बसत नाही आणि पुढच्या वेळी झोन लोडच होत नाही. म्हणून आधी ‘आरएनडीसी फ्रीझ’ (अपडेट थांबवणारी आज्ञा), मग दुरुस्ती, सिरियल (झोनचा आवृत्ती क्रमांक) एकने वाढवा आणि शेवटी ‘आरएनडीसी थॉ’ (अपडेट पुन्हा सुरू).

डेबियन-उबुंटूवर अशी फाइल ‘व्हार-लिब-बाइंड’ (/var/lib/bind) फोल्डरमध्ये ठेवा. ‘इटीसी’ (/etc) खाली ठेवली तर जर्नल लिहायला परवानगी मिळत नाही आणि अपडेट ‘सर्व्हफेल’ ही त्रुटी देऊन परततो.

अपडेटची परवानगी आयपी पत्त्यावर नको, तो खोटा घालता येतो. टीसिग की (अपडेटवर सही करणारी गुप्त किल्ली) वापरा. प्रत्येक यंत्राला वेगळी की, आणि ‘अपडेट-पॉलिसी’ या सेटिंगने त्याला फक्त स्वतःच्या नावाचा ए रेकॉर्ड (नावाच्या आयपी पत्त्याची नोंद) बदलू द्या. की बरोबर असूनही ‘बॅडटाइम’ हा एरर आला तर घड्याळ बघा: सहसा 300 सेकंदांपेक्षा जास्त फरक चालत नाही.

टीटीएल (उत्तर कॅशमध्ये किती वेळ ठेवायचे ते) 60 सेकंद पुरे. एसओए या झोनच्या मुख्य नोंदीतला शेवटचा आकडाही कमी करा, नाहीतर ‘नाव सापडले नाही’ हे उत्तरच कॅशमध्ये रेंगाळते.