पोट्टे घेऊन पोलंडच्या जुन्या वळणाच्या खानावळीत जेवायला जायचं तर

आमच्या आर्वी तालुक्यातून आता संत्र्यासोबत पोरंही बाहेरदेशी जायला लागली. कोणाचा जावई क्राकूफला, कोणाची लेक वॉर्साला. माझा लेक-सून व्रोत्स्वाफला आहेत आणि मी तिथे राहून आले, म्हणून तिकडे निघालेल्या बाया आधी माझ्या ओसरीवर येतात. सगळ्यांचं विचारणं एकच: "काकू, तिथं लेकरं खातीन काय वं?"

खातीन, बाई. तिथलं जुनं घरगुती जेवण म्हणजे आलू, मैदा, दूध, लोणी, आंबट साय, कोबी, बीट आणि मांस. तिखटाचं नाव नाही. लेकरांनी नाक मुरडावं असं त्यात फार थोडं. घोटाळा होतो तो मोठ्यांमुळे. भलत्या वेळी नेतात, आधी स्वतःचं मागवतात, आणि डुकराची चरबी कशाकशात आहे ते विचारत नाहीत.

तयारी इथूनच सुरू करा. आपल्याकडे लेकरू ओसरीवरून अंगणात, अंगणातून गोठ्यात पळतं आणि आजी वाटी घेऊन मागे. तिथे हे चालत नाही. लोक रागावतात म्हणून नाही, लोक चांगलेच आहेत. पण वेटरच्या हातात तापलेली लोखंडी कढई असते आणि बाकांमधली वाट अरुंद. म्हणून जायच्या महिनाभर आधीपासून रोज एक जेवण खुर्चीवर बसून, पायाखाली स्टूल देऊन, उठायचं नाही या बोलीवर. काटा हातात द्या. सांडू द्या.

सोबतच एक पदार्थ घरी करून बघा, म्हणजे तिथे ताट आल्यावर लेकरू ओळखीच्या नजरेनं बघतं. प्लात्स्की (आलूची धिरडी) सगळ्यात सोपे. चार मध्यम आलू किसा, मुठीत घट्ट पिळून पाणी काढा, अर्धा कांदा किसून टाका, एक अंडं, दोन चमचे कणीक किंवा मैदा, मीठ, थोडी मिरपूड. तव्यावर जरा सढळ तेलात पातळ पसरून दोन्ही बाजूंनी कडक लाल करा. अंडं चालत नसेल तर मैदा थोडा वाढवा, उलटवताना सांभाळा. मोठे वरून आंबट साय घेतात, आपण चक्का घ्यावा. पोट्ट्यांना साखर भुरभुरून द्या. तिथेही लेकरं साखर घालूनच खातात. जिरं-हळद घालायचा मोह मात्र आवरा, नाहीतर तिथले खाताना "हे तसं नाही" म्हणून रडारड होते.

आता वेळ. तिथलं मुख्य जेवण दुपारचं, त्याला ओब्याद म्हणतात, साधारण 1 ते 4 च्या मधलं. आपल्या लोकांना रात्री नटूनथटून हॉटेलात जायची हौस. रात्री 8 ला गेलात तर लेकरू पेंगत असतं. भूक लागायच्या अर्धा तास आधी, दुपारी पोहोचा. हिवाळ्यात आणखी दहा मिनिटं धरा, कारण दाराशी कोट, टोप्या, हातमोजे उतरवून टांगणं हाच एक कार्यक्रम असतो. आणि शू आधी, कोट नंतर. हा क्रम परत निघताना विसरू नका.

जागा दोन प्रकारच्या. एक कार्चमा: लाकडी बांधणी, जाडजूड बाकं, कुठे कुठे त्यावर मेंढीचं कातडं, मातीची भांडी. दिसायला देखणी, पण बाकाला पाठ नसली तर दीड वर्षाचं लेकरू मागे कलंडतं. आत शिरल्याबरोबर "क्शेसेऊको?" विचारा, लेकराची उंच खुर्ची मिळते. कित्येक ठिकाणी एका कोपऱ्यात खेळणी ठेवलेली असतात. तो कोपरा तुमच्या टेबलावरून दिसेल असंच टेबल मागून घ्या.

दुसरा प्रकार बार म्लेच्नी, म्हणजे दुधाच्या पदार्थांची स्वस्त खानावळ. पहिली वॉर्सात 1896 साली निघाली, आणि आजही तिथलं सरकार यांना अनुदान देतं, म्हणून विद्यार्थी, म्हातारेकोतारे, लेकुरवाळे सगळे तिथे दिसतात. नावातल्या "बार"ला घाबरून आमच्या यजमानांनी दारातच पाय ओढला होता. आत बघतात तर एक आजीबाई सूप पीत बसलेल्या. इथे गल्ल्यावर सांगायचं, पैसे द्यायचे, खिडकीतून ट्रे उचलायचा, जेवण झालं की भांडी दुसऱ्या खिडकीत नेऊन ठेवायची. एकट्या बाईनं दोन पोट्टे घेऊन जाऊ नये, हात पुरत नाहीत. पण सोबत कोणी असेल तर लहान लेकरांसाठी माझं मत बार म्लेच्नीलाच. पाच-दहा मिनिटांत ताट समोर येतं, आणि लेकरानं अर्धं टाकलं तरी जीव जळत नाही.

आता चरबी. आमच्या घरात माझी सून महानुभाव घरची, तिला अंडंही चालत नाही. आम्ही बाकीचे मटन-मासोळी खातो, पण डुक्कर कोणी नाही. कार्चम्यात बसल्याबसल्या, काही मागवायच्या आधीच, एक लाकडी पाट समोर येतो. त्यावर जाड ब्रेडचे काप, खारवलेल्या काकड्या आणि मातीच्या वाटीत पांढरंशुभ्र, मऊ, मधे तपकिरी कण असलेलं काहीतरी. भुकेलं लेकरू त्यात बोट घालणारच, आणि मोठ्यांनाही ते घरचं लोणीच वाटतं. ते स्मालेत्स: डुकराची वितळवून गोठवलेली चरबी, त्यात तळलेला कांदा आणि चरबीचे कुरकुरीत तुकडे. पाट आल्याबरोबर वाटी उचलून वेटरच्या हातात परत द्या. ब्रेड आणि काकडी राहू द्या.

तेच कुरकुरीत तुकडे पिएरोगींवरही पेरून येतात. पिएरोगी म्हणजे उकडलेली करंजी समजा, फक्त खारट-गोड दोन्ही सारणांची. आलू, ताजं पनीर आणि कांद्याचं सारण असलेल्या त्या पिएरोगी रुस्किए. 2022 नंतर काही ठिकाणी त्यांचं नाव बदलून युक्रेनी केलं आहे, वस्तू तीच. सारण शाकाहारी, पण वरून चरबीचे तुकडे. म्हणून मागवतानाच "बेझ स्क्फारेक" म्हणा, म्हणजे ते तुकडे नकोत. त्याऐवजी लोणी घालून देतात. काहीजण कणकेत अंडं घालतात, तेव्हा ज्यांना चालत नाही त्यांनी "बेझ यायेक?" हेही विचारावं. युरोपच्या कायद्यानं 14 प्रकारच्या अॅलर्जीच्या वस्तूंची माहिती हॉटेलवाल्याला द्यावीच लागते. अंडं, दूध, गहू, शेंगदाणे, मोहरी त्यात येतात. चरबी त्या यादीत नाही, ती तोंडानंच विचारावी लागते.

सूपांचंही तसंच. टमाटरचं लालबुंद सूप, आत भात नाहीतर शेवया, बघून वाटतं शुद्ध शाकाहारी. पुष्कळदा ते मांसाच्या पाण्यावरच केलेलं असतं. बीटाच्या सूपाचंही तेच. "बेझ म्येंसा" म्हटलं की वेटर फक्त मांसाचे तुकडे काढून देईल, पाणी तेच राहील. म्हणून सूप कशाच्या पाण्यात शिजवलं हे वेगळं विचारा. मोबाईलवर पोलिश भाषेत लिहून दाखवलं की काम सोपं. ज्यांना कोंबडी चालते त्यांच्या लेकरांसाठी रोसुव मागवा: बहुधा कोंबडीचं नितळ सूप (कधी त्यात गाईचं मांसही असतं, विचारून घ्या), बारीक शेवया, गाजराच्या चकत्या. ते पातेल्यात तयारच असतं, त्यामुळे सगळ्यात आधी येतं. वेटर आल्याबरोबर लेकरांचं रोसुव सांगून टाका, तुमचं मेनूकार्ड नंतर वाचा.

झुरेक हे राईच्या आंबवलेल्या पिठाचं आंबट सूप. कधी कधी ते पोखरलेल्या गोल ब्रेडमध्ये वाढतात, वर ब्रेडचंच झाकण. पोट्टे ते झाकण बघून हरखतात आणि हट्ट धरतात. त्यात पांढरा सॉसेज असतो, तोही बहुधा डुकराचाच. हट्ट पुरवण्याआधी एवढं लक्षात असू द्या.

लेकरांना हमखास आवडतं ते सांगते. लेनिव्हे, म्हणजे ताज्या पनीरचे छोटे उकडलेले गोळे, वर लोणी, साखर आणि भाजलेला ब्रेडचुरा. नालेश्निकी, पातळ घावन, आत गोड पनीर. या दोन्हींत बहुधा अंडं असतं. स्ट्रॉबेरी किंवा निळ्या रानबोरांचे गोड पिएरोगी. सफरचंद घातलेला गोड भात. माझा मोठा नातू वरण-भाताशिवाय जेवत नसे, त्यानं सफरचंदाच्या भाताची ताटली चाटून पुसून ठेवली आणि आजोबांच्या ताटाकडे वळला. कोपित्का नावाचे आलूचे तुकडेही मऊ असतात, बिनदातांच्या लेकरालाही कुस्करून चालतात.

भाग मोठे असतात. एका ताटात आठ-दहा पिएरोगी येतात. दोन लहान्यांत एकच घ्या किंवा "पूव पोर्त्सी", अर्धी मागा. रिकामं जास्तीचं ताट मागितलं तर कोणी तोंड वाकडं करत नाही. उकडलेल्या आलूंवर लोणी आणि शेपू येतोच; शेपूला नाक मुरडणारं पोरगं असेल तर "बेझ कोपेर्कु" आधी सांगा. टेबलावरची मोहरीची चटणी आणि पांढरी ह्शान नावाची मुळाची चटणी लेकरांच्या हातापासून लांब सरकवा. आपल्या मिरचीचा ठसका जिभेला बसतो, हिचा सरळ नाकात चढतो. रानातल्या मशरूमचे पदार्थ तिथे फार नावाजलेले, पण लहान लेकरांना ते पचायला जड, देऊ नका.

पाणी बहुधा फुकट येत नाही, बाटली विकत. नुसतं पाणी मागितलं तर बुडबुड्यांचं येऊ शकतं आणि लेकरू पहिल्याच घोटाला थुंकतं, "न्येगाझोव्हाना" म्हणा. त्यापेक्षा कोंपोत घ्या, फळं उकळून केलेलं गोडसर पाणी. जेवणासोबत ताकही मिळतं, आमच्या यजमानांचा तिथला सगळा काळ त्याच्यावर निघाला.

मुख्य ताट यायला वेळ लागला तर मोबाईल देऊ नका, एकानं लेकरांना बाहेर काढा. व्रोत्स्वाफच्या चौकात तर सोय करूनच ठेवली आहे: गुडघ्याएवढीही उंची नसलेले बुटक्यांचे ब्राँझचे पुतळे जागोजागी बसवलेत, कोणी झोपलेला, कोणी गाडा ढकलणारा. पहिला 2001 साली श्फिद्नित्स्का रस्त्यावर बसला, आता शेकड्यांनी झाले. बुटके शोधण्यात अर्धा तास कसा गेला कळत नाही. ताट आलं की आतल्या माणसानं फोन करावा.

मोरीच्या दारावर कधी कधी नुसता त्रिकोण किंवा गोल काढलेला असतो. त्रिकोण पुरुषांचा, गोल बायकांचा. घाईत लेकरू कडेवर असताना हे आधीच माहीत असलेलं बरं. हात धुऊन हातानं भरवा, खुशाल. कोणी बघत नाही, आणि बघितलं तर बघू द्या. ओला रुमाल पिशवीत ठेवा, ताटाखाली पडलेलं उचलून निघा.

बिलाला "राखुनेक" म्हणायचं. सेवा आवडली तर साधारण 10 टक्के वर ठेवतात. रोख देताना मात्र आपल्या सवयीनं लगेच "जेंकुये", म्हणजे धन्यवाद, म्हणू नका. वेटर त्याचा अर्थ उरलेले पैसे त्यानंच ठेवावेत असा घेतो. मोड हातात पडल्यावर धन्यवाद द्या.

उरलेले पिएरोगी "ना व्हिनोस" म्हणून बांधून घ्या, फ्रिजमध्ये टाका. दुसऱ्या दिवशी सकाळी तव्यावर लोण्यात दोन्ही बाजूंनी लाल करा. तिथले लोकही असेच खातात, आणि आदल्या दिवशी ज्या पोट्ट्यानं तोंड फिरवलं होतं तेही तळलेला कुरकुरीत कडा बघून हात पुढे करतं.