मालकाकडूनच हप्त्याने शेत घेताना: खान्देशातल्या दोन एकरांचा हिशोब

गावाकडे एक-दोन एकर घ्यायचे, एक विहीर, दोन खोल्या, चार शेळ्या, भाजीपाला घरचा, असं डोक्यात घेऊन फिरणारे आता बरेच भेटतात आणि सगळ्यांची गाडी एकाच ठिकाणी अडते, एकरकमी पैसे नाहीत. नोकरदार माणसाला कोरडवाहू शेत घ्यायला बँक सहसा उभं करत नाही. मग राहतो एकच रस्ता, मालकालाच म्हणायचं की भाऊ, थोडे आत्ता घे, बाकीचे हप्त्याने देतो. खान्देशात हे नवीन नाही, उधारीचे सौदे पूर्वीपासून चालतात, फक्त पूर्वी ते ओळखीत व्हायचे आणि शब्दावर निभावायचे.

शब्दावर मीही गेलो होतो. पारोळ्याच्या बाजूला एक तुकडा पाहिला, ५०० च्या स्टॅम्पवर सौदा पावती, नोटरीचा शिक्का, दीड लाख विसार, म्हणजे सौद्याची आगाऊ रक्कम, आणि पन्नास-पन्नास हजाराचे दोन हप्ते दिले. एक दिवस ऑफिसात बसल्या बसल्या सहज सातबारा काढला, १५ रुपयांचं काम, तर इतर हक्काच्या रकान्यात सोसायटीचा नवीन बोजा, म्हणजे जमिनीवरच्या कर्जाची नोंद, तीही माझ्या दुसऱ्या हप्त्यानंतर चढलेली. मालकाला विचारलं तर तो शांतपणे म्हणे, शेत अजून माझ्याच नावावर आहे ना. चुकीचं काहीच बोलला नाही तो. पैसे परत यायला चौदा महिने गेले आणि पूर्ण आलेच नाहीत. पुढचं सगळं त्यानंतर शिकलेलं आहे.

सगळ्यात आधी तुम्ही शेतकरी आहात का ते बघा. कूळ कायद्याच्या कलम ६३ प्रमाणे आपल्याकडे शेतजमीन शेतकऱ्यालाच घेता येते, नाहीतर कलेक्टरची परवानगी लागते. वडिलांच्या नाहीतर आईच्या नावावर कुठेही महाराष्ट्रात सातबारा असेल तर तो आणि तुमचं नातं दाखवणारे कागद आधी जमवा, तहसीलमधून शेतकरी दाखला काढा. हे विसार दिल्यावर करायचं काम नाही. आणि मालक आदिवासी असेल तर बिगर आदिवासीने तिथूनच परत फिरायचं, जमीन महसूल अधिनियमाचं कलम ३६ आणि ३६अ आहे, नंदुरबार, साक्री, शिरपूर, चोपडा, यावल या पट्ट्यात हे फार वेळा समोर येतं. शंभर वर्षांचा भाडेपट्टा करू, दुसऱ्याच्या नावावर घेऊ असं सांगणारे भेटतील, त्यांना चहा पाजा आणि निघा. वनपट्ट्याची, म्हणजे वनहक्काने मिळालेली जमीन तर विकताच येत नाही, ती फक्त वारसाला जाते.

स्वस्त कुठे मिळेल? रावेर-यावलचा केळीचा पट्टा विसरा, तिथले भाव ऐकूनच घाम येतो. अमळनेर, पारोळा, बोदवड, शिंदखेडा, धुळे तालुक्याचा कोरडवाहू भाग, इकडे बजेटमध्ये बसेल असं सापडतं, पण स्वस्त असतं ते पाण्यामुळेच. पावसाळ्यात आणि दिवाळीत शेत बघायला जाऊच नका, तेव्हा नाल्यालाही पाणी असतं आणि सगळं शिवार हिरवं दिसतं. आखाजीच्या, म्हणजे अक्षय तृतीयेच्या आसपास जा. मी दुसऱ्या वेळी मे महिन्यात गेलो, मालक म्हणे, "पानी खूप शे भाऊ, कधी आटत नही." मी काही बोललो नाही, शेजारच्या मळ्यातून दोर मागितला, दगड बांधून विहिरीत सोडला, वर काढला तर खालचा जेमतेम हातभर दोर ओला. मग मोटर लावायला सांगितली, पंचवीस मिनिटांत विहीर खडखडाट. उपसल्यावर किती तासांनी पुन्हा पाणी चढतं ते बघायला संध्याकाळपर्यंत बांधावर बसलो, भाकरी त्यांच्याच घरची खाल्ली. पाणी आलं, पण कमी, आणि त्याच गोष्टीवर मी भाव खाली आणला. हो, आणि घर करायचंय ना, तर काळ्या मातीच्या मध्यभागी नाही, मुरमाड कोपरा बघा, काळी उन्हाळ्यात तडकते आणि भिंतींनाही तडे पाडते.

आता सातबारा. ऑनलाइन डिजिटल सहीचा उतारा काढा आणि वरपासून खालपर्यंत वाचा, लोक फक्त नाव आणि क्षेत्र बघतात. भोगवटादार वर्ग १ आहे का? वर्ग २ असेल तर सरकारी अटी असतात, परवानगीशिवाय व्यवहार होत नाही, इनाम, सीलिंगमधून वाटलेली, पुनर्वसनाची जमीन बहुतेक यात येते. इतर हक्काच्या रकान्यात कूळ, बोजा, कोर्टाचा दावा, विहिरीतला हिस्सा, सगळं तिथे लिहिलेलं असतं. विहीर चार भावांची सामाईक निघाली तर आठवड्यातून तुमची पाळी किती ते लेखी हवं. क्षेत्र हेक्टर-आरमध्ये असतं, दोन एकर म्हणजे साधारण ०.८१, आणि पोटखराबा, म्हणजे लागवडीला न येणारा भाग, वेगळा दाखवलेला असतो, भाव ठरवताना तो धरायचा की नाही ते आधीच बोला. तुकडा अगदी लहान घेणार असाल तर तुकडेबंदी, म्हणजे जमिनीचे फार लहान तुकडे करायला मनाई करणारा कायदा, आड येते, ऑगस्ट २०२३ पासून शेतीसाठी जिरायत २० गुंठे आणि बागायत १० गुंठे अशी किमान मर्यादा आहे.

सोबत जुने फेरफार, म्हणजे नाव बदलल्याच्या नोंदी, काढा. जमीन मालकाकडे कशी आली, खरेदीने की वारसाने, हे तिथेच कळतं. वारसाने आली असेल तर बहिणी कुठे आहेत ते विचारा. आपल्याकडे अजूनही "बहिणींनी सोडून दिलंय" असं सहज म्हणतात, पण सोडून दिलं म्हणजे नोंदणीकृत हक्कसोडपत्र असलं पाहिजे, २००५ च्या दुरुस्तीनंतर वडिलोपार्जित जमिनीत मुलींचा हक्क मुलांइतकाच आहे. हक्कसोड नसेल तर सगळ्या बहिणींच्या सह्या घ्या, मग ती सुरतला असो की नंदुरबारला, दिवाळीला माहेरी येते तेव्हाची तारीख धरा. वकिलाकडून तीस वर्षांचा सर्च, म्हणजे जुन्या नोंदींची तपासणी, आणि पेपरात जाहीर नोटीस, हे दोन खर्च वाचवू नका. मोजणीचा अर्ज मालकालाच करावा लागतो, म्हणून विसाराआधीच त्याच्याकडून करून घ्या आणि फी तुम्ही भरा.

आता मुख्य गोष्ट, हप्त्याचा कागद. दोन प्रकार आहेत.

एक म्हणजे साठेखत. म्हणजे आज करार, हप्ते देत जायचं, शेवटच्या हप्त्याला खरेदीखत. यात जमीन तोपर्यंत मालकाचीच, तुमच्याकडे फक्त कराराचा हक्क. पण हे साठेखत दुय्यम निबंधकाकडे रजिस्टर केलंत तर ते इंडेक्स २ मध्ये, म्हणजे नोंदणीच्या सरकारी सूचीत येतं आणि उद्या मालकाने दुसऱ्याला विकलं तरी तो दुसरा "मला माहीत नव्हतं" असं म्हणू शकत नाही. नोटरीच्या कागदाला ही ताकद नाही, मी भोगलंय. ताबाही आत्ताच घेणार असाल तर मुद्रांक शुल्क जवळपास खरेदीखताइतकंच लागतं, पुढे खरेदीखताच्या वेळी ते वजा होतं, म्हणजे बुडत नाही पण पैसे आधी काढावे लागतात. आणि ताबा घेतलात आणि साठेखत रजिस्टर नसेल तर २००१ नंतरच्या कायद्यात त्या ताब्यालाही संरक्षण नाही. कोणी "जनरल मुखत्यारपत्र करून देतो, तेच खरेदी समजा" म्हणालं तर २०११ चा सुप्रीम कोर्टाचा निकाल आहे, मुखत्यारपत्राने मालकी येत नाही.

दुसरा प्रकार लोकांना माहीतच नसतो. खरेदीखत आजच करायचं, त्यात लिहायचं की एकूण किंमत इतकी, इतकी मिळाली, बाकी अमुक तारखांना. मालमत्ता हस्तांतरण कायद्यात खरेदीची व्याख्याच अशी आहे की किंमत काही दिलेली, काही कबूल केलेली चालते, आणि राहिलेल्या रकमेसाठी विकणाऱ्याचा त्या जमिनीवर बोजा राहतो. सातबारा तुमच्या नावावर, इतर हक्कात मालकाचा बोजा, हप्ते संपले की तो कमी करायचा. घेणाऱ्यासाठी हाच सगळ्यात भारी, पण मालक घाबरतो आणि ते चूक नाही, कारण बाकी पैसे दिले नाहीत म्हणून खरेदीखत आपोआप रद्द होत नाही, त्याला वसुलीचा दावा लावावा लागतो. म्हणून अर्ध्याहून जास्त रक्कम आधी देणार असाल तरच हे मागा. मी शेवटी मधला मार्ग काढला, पहिली दोन वर्षं रजिस्टर साठेखत, साठ टक्के झाल्यावर खरेदीखत आणि बाकीसाठी बोजा. मालकाच्या बायकोने विचारलं, "आणि तुम्ही पळून गेले तर?" मी म्हटलं, वहिनी, शेत कुठे पळून जाणार, तुमचा बोजा त्याच्यावर आहेच. तिने वकिलाकडून तेच दोनदा वदवून घेतलं मगच मान हलवली.

हप्त्यांचं गणित मांडून घ्या, तोंडी नाही. समजा रोखीचा भाव १७ लाख आणि हप्त्याचा २०. विसार ४ लाख, मग दर सहा महिन्यांनी २ लाख असे आठ हप्ते. वरचे तीन लाख हे व्याजच आहे, आणि ते वर्षाला साडेनऊ-दहा टक्क्यांच्या घरात पडतं. एवढं परवडतं. पण कोणी १७ चे २५ सांगून "बिनव्याजी" म्हणत असेल तर तोच हिशोब करून बघा. वर थकलेल्या हप्त्यावर महिना दोन-तीन टक्के लावत असेल तर तो शेत विकत नाहीये, सावकारी करतोय. हप्त्याच्या तारखाही दोघांच्या पैशाप्रमाणे ठेवा. मालकाला आखाजीच्या सुमारास पैसा लागतो, सालदाराचं, म्हणजे वर्षभरासाठी ठेवलेल्या गड्याचं, साल तेव्हाच ठरतं आणि लग्नसराईही असते, आणि दुसरा हप्ता बियाण्या-खताच्या वेळी नको, दिवाळीनंतर, तुमचा बोनसही तेव्हाच येतो.

करारात हे असू द्या: हप्ता चुकला तर साठ दिवसांची सवलत आणि त्यानंतर लेखी नोटीस. करार मोडला तर किती रक्कम कापणार ते आकड्यात, "सर्व विसार जप्त" ही ओळ खोडायला लावा. मालकाने मधल्या काळात नवं कर्ज काढायचं नाही, आधीचा सोसायटीचा बोजा पहिल्या हप्त्यातूनच फेडायचा आणि तो हप्ता थेट सोसायटीत भरायचा, मालकाच्या हातात नाही. दोघांपैकी कोणी गेलं तर वारसांवर करार बंधनकारक. खरेदीखताची शेवटची तारीख, कारण करार पुरा करून घेण्याचा दावा त्या तारखेपासून तीन वर्षांत लावावा लागतो, आणि दावा लावलात तर तुम्ही पैसे घेऊन कायम तयार होतात हे सिद्ध करायची जबाबदारी तुमचीच. म्हणून प्रत्येक हप्ता बँकेतूनच. जमिनीच्या व्यवहारात वीस हजार किंवा त्यावर रोख घेणं-देणं इन्कम टॅक्समध्ये चालतही नाही, दोघांचंही उत्पन्न फक्त शेतीचं असेल तर सूट आहे, पण पगारदाराला ती नाही.

ताबा नसतानाच्या काळात शेत कोण कसणार हा प्रश्न येतोच. मालकालाच कसू द्या, पीक त्याचं, हा सगळ्यात कमी भांडणाचा उपाय. मी दर महिन्याला एक चक्कर मारायचो, त्यात शेजारी कळले, बांधावरून कोणाचं कोणाशी बिनसलंय ते कळलं. नाव लागेपर्यंत सरकारी योजनाही मिळत नाहीत, मागेल त्याला सौर कृषीपंपात अडीच एकरापर्यंत ३ एचपी मिळतो आणि सर्वसाधारण शेतकऱ्याला दहा टक्केच भरावे लागतात, पण सातबारा तुमचा हवा, म्हणून तो पैसा पहिल्या वर्षाच्या बजेटमध्ये धरू नका.

रस्त्याचं एक सांगायचं राहिलं. शेतात जायला गाडरस्ता नकाशावर आहे की शेजाऱ्याच्या मेहेरबानीवर? जुना रस्ता कोणी अडवला तर मामलेदार कोर्टाचा १९०६ चा कायदा आहे, मुळात रस्ताच नसेल तर तहसीलदाराकडे जमीन महसूल अधिनियमाच्या कलम १४३ चा अर्ज, दोन्हींना वेळ लागतो. विटांचा ट्रॅक्टर आत जाणार नाही तर घर कसं बांधणार. विसाराच्या आधी भरलेली ट्रॉली एकदा आत नेऊन बघा, डिझेलचे पैसे द्या.

खरेदीखत झालं की फेरफार आपोआप तलाठ्याकडे जातो, नोटीस निघते, हरकतीला पंधरा दिवस असतात, कोणी हरकत घेतली नाही तर मंडळ अधिकारी मंजूर करतो. तेव्हाही रोज ऑनलाइन बघत रहा. माझं नाव लागलं ते आडनावात एक काना जास्त घेऊन. तलाठी म्हणे चालतं. मी नाही म्हटलं, त्याच अधिनियमाच्या कलम १५५ चा दुरुस्तीचा अर्ज तहसीलला टाकला, आधार आणि खरेदीखताची प्रत जोडली, पोच घेतली, आणि मगच त्या मुरमाड कोपऱ्यात पायाची आखणी करायला चुना आणला.