पावसाच्या आधी ऑफिसच्या लॅन (पीसीला नेट देणाऱ्या) केबली एकदा बघून घ्या

मुंबईत पाऊस साधारण 10-11 जूनला येतो, म्हणजे हे सगळं मे मध्येच उरकायचं, आणि तेही शनिवारी संध्याकाळी, नाहीतर एक वायर काढली की चार जण नेट गेलं का विचारत येतात.

आधी शिडी नको, स्विचमध्ये (ज्या डब्यात सगळ्या लॅन केबली येऊन लागतात तो) लॉगिन करा आणि कुठले पोर्ट 100 एमबीपीएसवर चाललेत ते बघा, गिगाबिट म्हणजे 1000. स्विच गिगाबिट, पीसी गिगाबिट आणि लिंक मात्र 100 ची असेल तर बहुतेक वेळा केबलमधल्या आठातली एखादी तार तुटलेली असते नाहीतर टोकाच्या कनेक्टरचं क्रिम्पिंग (दाबून बसवणं) ढिलं असतं, कारण गिगाबिटला तारांच्या चारही जोड्या लागतात, 100 ला दोनच पुरतात. त्यामुळे नेट बंद पडत नाही, नुसतं रडतखडत चालतं, मग सगळे प्रोव्हायडरच्या नावाने बोंब मारतात, मोठा प्लॅन घेतात, आणि शेवटी निघते काय तर टेबलाखाली खुर्चीच्या चाकाखाली चेपलेली पॅच कॉर्ड, म्हणजे ती छोटी तयार केबल. वायफाय आहे की आपल्याकडे असं म्हणणाऱ्यांनी पण हे करा, छतावरच्या त्या डब्याला मागून केबलच जाते.

आता शिडी. फॉल्स सिलिंगची एक टाइल उचलून टॉर्च मारा, एसीचं पाणी केबलवर ठिबकतंय का, उंदरांनी कुरतडलंय का (फोर्टच्या जुन्या बिल्डिंगा काय आणि अंधेरीचे गाळे काय, उंदीर सगळीकडे आहेत), आणि इलेक्ट्रिशियनने लाइटची वायर लॅनच्या केबलसोबत एकाच पट्टीत बांधलीये का, ती वेगळी करून घ्याच. मध्ये जॉइनर टाकून लांबवलेली केबल दिसली तर मोजा, पॅच कॉर्ड धरून 100 मीटरच्या आत पाहिजे, कॅट सिक्स प्रकारच्या केबलवर 10 गिगाबिट हवं असेल तर जेमतेम 55.

नवीन केबल घ्यायला लॅमिंग्टन रोडच्या इलेक्ट्रॉनिक्स बाजारात गेलात तर खूप स्वस्त बॉक्स दिसला की तार ब्लेडने खरवडून बघा. आतून पांढरी निघाली तर ते अॅल्युमिनियमवर तांब्याचा मुलामा दिलेलं आहे, नुसतं जरा वाकवलं तरी मोडतं आणि कॅमेऱ्याला त्याच केबलमधून पॉवर जात असेल तर जास्त तापतं, कितीही पैसे वाचत असले तरी मी घेणार नाही.

वायरमन काम करून गेला की तो लाइटवाला छोटा टेस्टर दाखवतो, आठही लाइट पेटले साहेब. पण जोड्या चुकीच्या जुळवल्या असल्या तरी दोन्ही टोकं सारखी असतील तर ते आठ लाइट पेटतातच! मोठ्या मशीनचा टेस्ट रिपोर्ट मागा, देणारे देतात.

स्विच ठेवलेला रॅक तळमजल्यावर असेल तर जमिनीपासून वर उचला, 26 जुलै 2005 ला सांताक्रूझला एका दिवसात 944 मिमी पाऊस पडला होता हे विसरू नका. लेबलं दोन्ही टोकांना लावा, एकाच टोकाला लावलेलं लेबल काही कामाचं नाही. मोकळी लोंबणारी पॅच कॉर्ड दिसली की काढून ठेवा, कोणीतरी भला माणूस तिचं दुसरं टोक त्याच स्विचमध्ये खोचतो आणि लूप होऊन (डेटा तिथेच गोल गोल फिरत राहून) अख्ख्या फ्लोअरचं नेट झोपतं. दोन-चार तयार पॅच कॉर्ड, थोडे कनेक्टर आणि क्रिम्पिंग टूल ड्रॉवरमध्ये असू द्या, लोकल बंद पडल्यावर वायरमन काही येत नाही.