शब्दांचे अर्थ लिहिताय? ‘किंचित’ कुठंही चिकटवू नका, या चुका टाळा

सोलापुरी बोलीतले शब्द गोळा करणारा आमचा एक छोटा ग्रुप आहे, त्यात आलेले अर्थ तपासायचं काम माझ्याकडं असतं. नवीन आलेला जवळजवळ प्रत्येक जण तीच चूक करतो, शब्द नीट उलगडत नाही म्हटलं की त्याच्या मागं ‘किंचित’ लावून मोकळा होतो. खरं तर कोशात हा फार कामाचा शब्द आहे, म्हणूनच तो असा वाया घालवलेला मला बघवत नाही.

सगळ्यात जास्त गोंधळ होतो तो शेवटच्या ‘ट’मुळं. तांबूस म्हणजे किंचित तांबडा, लालसर म्हणजे किंचित लाल, इथवर ठीक. पण त्याच ओघात आमच्या एका झेरॉक्स पुस्तिकेत ‘खारट : किंचित खारा’ असं छापून गेलं. सोलापूरच्या पूर्व भागातल्या, घरी तेलुगू बोलणाऱ्या एका पोरानं ते वाचलं आणि खानावळीतल्या मावशींना अगदी मनापासून सांगितलं, ‘मावशी, आजची आमटी मस्त खारट झालीय.’ मावशींनी काही न बोलता वाटी उचलली, आत जाऊन आमटीत पाणी घातलं, उकळी आणली आणि परत वाढली, पण त्यांचं तोंड पार उतरलं होतं. पोराला कळेना काय चुकलं. त्याचं काहीच चुकलं नव्हतं, चूक आमच्या पुस्तिकेची होती आणि ते पान तपासणारा मी होतो. शेंगदाणे खारे असतात आणि आपल्याला ते तसेच हवे असतात, आमटी खारट होते तेव्हा मीठ जास्त पडलेलं असतं. म्हणजे ‘किंचित’च्या बरोब्बर उलटं.

पोरकट म्हणजे काय किंचित पोर? नाही ना. मळकट, तेलकट, धुरकट या शब्दांत माप कमी आणि नापसंती जास्त आहे. आपली शेंगाचटणी घ्या, उखळात कुटून कुटून तिला तेल सुटतं, बोटाला लागतं, तरी सोलापुरात तिला कोणी तेलकट म्हणणार नाही, तेलकट म्हणायचं ते नीट न निथळलेल्या भज्याला.

हे होतं घाईमुळं. मोल्सवर्थचा जुना कोश उघडायचा (दुसरी आवृत्ती १८५७ची, अजूनही हाताशी असावी अशी), पण तो मराठी-इंग्रजी कोश आहे हे विसरायचं, आणि तिथल्या इंग्रजी शब्दाच्या शेवटी ‘इश’ दिसला की त्याचं ‘किंचित’ करून परत मराठीत आणायचं. अहो, इंग्रजीतसुद्धा रेडिश म्हणजे लालसर आणि चाइल्डिश म्हणजे पोरकट, एकाच ‘इश’ची दोन वेगळी कामं आहेत. मी काय करतो, तर वाक्य मोठ्यानं म्हणून बघतो. ‘लालसर आहे, पण अगदी लाल नाही’ हे सरळ जातं. ‘आमटी खारट आहे, पण अगदी खारी नाही’ म्हणून बघा, जीभ अडखळते. अडखळली की ‘किंचित’ काढायचं.

दुसरी चूक म्हणजे गोल फिरणं. पिवळसर म्हणजे पिवळट, आणि पिवळट बघायला जावं तर तिथं पिवळसर! वाचणाऱ्यानं करायचं काय? अशा वेळी मी शब्द सोडून वस्तू समोर घेतो. पांढरा टॉवेल वापरून वापरून पिवळट होतो, पिवळसर टॉवेल मात्र आपण दुकानातून आवडीनं आणतो. एवढं दिसलं की अर्थ आपोआप येतो, ‘पिवळट : मूळचा रंग जाऊन जुनाट किंवा आजारी दिसणारं पिवळं.’

असा नेमका अर्थ कसा लिहावा, ते अमरकोश या जुन्या संस्कृत कोशात बघा. धूसर म्हणजे ईषत्पाण्डु, इथं ‘ईषत्’ म्हणजे आपलं किंचित. पण पाटल म्हणजे श्वेतरक्त, पांढरा आणि लाल मिळून, आणि अरुण म्हणजे अव्यक्तराग, ज्याची लाली अजून उघड झालेली नाही असा. तिन्ही रंग फिकेच, पण प्रत्येकाचा फिकेपणा वेगळा सांगितलाय. मला हे फार आवडतं.

‘किंचित लालसर’ लिहू नका, कमी करणं एकदा झालंय. ‘थोडं मीठ’ आणि ‘थोडं खारं’ यातलं थोडं वेगळं, पहिलं वजनाचं, दुसरं चवीचं, दोन्ही अर्थ नोंदवा. ‘बऱ्यापैकी’ला किंचितच्या रांगेत बसवू नका. आणि ‘जरा इकडं ये की’ यात काहीच कमी नसतं, तिथं नुसता आर्जव आहे. आपल्याकडं हे ऐकायला लांब जायला नको, तेलुगूतलं ‘कोंचेम’ आणि कन्नडमधलं ‘स्वल्प’ही विनंती करताना असंच वापरतात, बसमध्ये सरकून बसा म्हणताना कान देऊन ऐका.

राहिला कोमट. सगळे लिहितात ‘किंचित गरम’. गार पाणी तापवून कोमट केलं तर ते चालेल, पण टेबलावर राहून कोमट झालेल्या चहाला ते लागू होत नाही, तो गार होत आलेला असतो. मी लिहितो, ‘कोमट : हाताला चटका बसणार नाही आणि गारही लागणार नाही इतपत गरम.’