कर्नलमधला मेमरीचा बिघडलेला बदल मागे घेताना

समजा, नवा लिनक्स कर्नल (ऑपरेटिंग सिस्टिमचा गाभा) टाकला की मेमरी भरत जाते, ओओएम किलर (मेमरी संपली की प्रोसेस बंद करणारा कर्नलचा भाग) भलतीच प्रोसेस मारतो. जुन्यावर सगळं ठीक. मधले हजारो कमिट (कोडमधले नोंदवलेले बदल) कोण चाळणार?

१. 'गिट बायसेक्ट' (कमिटची यादी दर फेरीत निम्मी करत दोषी कमिट शोधणारी कमांड) सुरू करतानाच फक्त 'एमएम' फोल्डर द्या; मेमरी सांभाळणारा कोड त्यात असतो. फेऱ्या बऱ्याच वाचतात.
२. दोषी कमिट सापडला तरी लगेच 'रिव्हर्ट' (बदल मागे घेणं) नको. त्याच्या हॅशची (कमिटच्या ओळख क्रमांकाची) पहिली १२ अक्षरं 'गिट लॉग'मध्ये, म्हणजे कमिटच्या इतिहासात, 'ग्रेप' करा (शोधा). नंतरच्या दुरुस्त्यांच्या 'फिक्सेस' ओळीत तीच असतात. कदाचित दुरुस्ती आधीच आलेली असेल! ती पुरत नसेल, तर आधी अशा सगळ्या दुरुस्त्या उलटवा, नव्याकडून जुन्याकडे.
३. मग मूळ कमिट रिव्हर्ट, बिल्ड, आणि मेमरी भरवणारा तोच लोड (तेच काम) पुन्हा.

निकाल पटत नसेल तर दोष फाइलसिस्टिममध्ये किंवा ड्रायव्हरमध्येही असू शकतो. तेव्हा बायसेक्ट कर्नलच्या अख्ख्या ट्रीवरच (सगळ्या फोल्डरांवर) चालवा.